टाळूवरचा उंचवटा

जबडा हातात घेतला आणि माझी जीभ आपोआप टाळूला जाऊन चिकटली. आता मी कवळ्या करतो. दिवसभर लोकांचे जबडे हाताळणं हाच माझा धंदा. जबडा बघून जीभ चिकटायला लागली तर दुकान बंदच करावं लागेल. पण चिकटली खरी. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून नेहमीसारखा डबा आला होता. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेला वरच्या जबड्याचा ठसा, आणि सोबत एका पिशवीत पेशंटची जुनी कवळी, मापासाठी. दुपार होती. खिडकीतून उन्हाचा पट्टा टेबलावर आडवा पडला होता आणि त्यात प्लास्टरची धूळ तरंगत होती. आमच्याकडे ती कायमच तरंगते. माझ्या बायकोच्या मते ती माझ्या डोक्यातही गेलेली आहे. मी ठशात प्लास्टर ओतलं, तो टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे काढले, ते घट्ट होईपर्यंत चहा प्यायलो आणि मग ठसा सोलून काढला. आतून पांढरा, बिनदातांचा जबडा निघाला, आणि त्याच्या टाळूवर मधोमध एक उंचवटा.

उंचवटे पुष्कळांना असतात. हाडच असतं ते, दुखत नाही, खुपत नाही, ज्याचं त्याला माहीतही नसतं. कवळी करताना मात्र त्याच्यापुरती पोकळी सोडावी लागते, नाहीतर घास चावला की टाळू सोलवटतो. तर उंचवटा असण्यात काही नवल नव्हतं. पण हा सोललेल्या शेंगदाण्याएवढा होता, मधून चिरलेला, आणि मागच्या बाजूला त्याला एक बारीक शेपूट होतं, डावीकडे वळलेलं. माझ्या जिभेनं ते शेपूट शोधलं. होतं, असायला हवं तिथंच. लहानपणापासून कंटाळा आला की, कुणी रागावलं की, झोप येईनाशी झाली की माझी जीभ त्या शेपटावरून जात-येत राहते. मला वाटायचं, सगळ्यांनाच असेल. आणि आता ते माझ्या तळहातावर होतं, दुसऱ्या कुणाच्या तोंडातून आलेलं, अजून कोमट. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं, त्यात विशेष काही नाही. तरी मी तो जबडा जरा दूर ठेवला.

वरच्या फळीवर माझा स्वतःचा जबडा आहे. बाबांच्या दुकानाची रीतच होती तशी: जो काम शिकेल त्यानं पहिला ठसा स्वतःच्या तोंडाचा घ्यायचा. "आधी आपल्या घशाशी येऊ दे," बाबा म्हणायचे, "मग दुसऱ्याच्या तोंडात हात घाल." मी तेव्हा शाळेत होतो, सुट्टी होती. त्या थंडगार, पुदिन्याच्या वासाच्या लगद्यानं मला उमासे यायला लागले, आणि बाबांनी माझं डोकं आपल्या पोटाशी धरून ठेवलं. "नाकानं श्वास घे. पायाची बोटं हलव. हलव, हलव." पायाची बोटं हलवली की उमासा थांबतो. का थांबतो ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाबांच्या पोटातला गुरगुर आवाज माझ्या कानाला लागत होता, आणि मला वाटत होतं की हा ठसा कधी घट्ट होऊच नये, असंच उभं राहावं. मग प्लास्टर झालं. बाबांनी चष्मा नाकावर सारून जबडा उजेडाकडे धरला आणि टाळूवर अंगठा ठेवला. ठेवला तो ठेवूनच राहिले. मी शाबासकीची वाट बघत उभा. बऱ्याच वेळानं "चांगला आलाय" म्हणाले आणि भर दुपारी दुकान बंद केलं. मला वाटलं, माझ्या कौतुकानं. घरी जाताना ते पुढं चालत होते आणि मागून मी, त्यांच्यासारखीच पावलं टाकत: आधी टाच, मग जरासं थबकून चवडा.

मला आणलेलं आहे, हे मला कळायला लागल्यापासून माहीत होतं. आईनंच सांगितलं, ताट वाढता वाढता. "आम्हाला नव्हतं, म्हणून तुला आणलं. लांबून. आता जेव बघू." मी जेवलो. कुठून, कुणाकडून, काही विचारलं नाही. मोठेपणानं नव्हे, भीतीनं. जे आणता येतं ते परतही नेता येतं, एवढी अक्कल पोराला असते. म्हणून मी कामाला लागलो. बाबांचं चालणं उचललं, अक्षर उचललं, पेला धरताना करंगळी बाहेर काढणं उचललं, नको असलेल्या माणसाशी बोलताना "असं असं" म्हणत दाराकडे सरकणं उचललं. आवाज फुटला तेव्हा मला फार काळजी लागली होती, कसला निघतोय म्हणून. बाबांचाच निघाला, मी दुसरा निघूच दिला नाही. फोनवर आत्या फसायची. "दादा, ऐक ना" म्हणून सासरची सगळी गाऱ्हाणी मला सांगून मोकळी व्हायची आणि मी बाबांच्या आवाजात "बघू, बघू" म्हणायचो. बाबा गेल्यानंतर एकदा मी फोन उचलून "हं, बोला" म्हणालो, तर पलीकडे आत्या हमसून हमसून रडायला लागली. "अगदी बापावर गेलाय हो!" गल्लीतले लोक म्हणायचे. हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. पोटच्या पोरांना जमत नाही इतका मी बापावर गेलो होतो. मेहनत होती त्यामागे.

पिशवीतली कवळी मी त्यानंतर काढली. खरं तर ती आधी बघायला हवी होती. झिजून झिजून दातांची नुसती खुंटं राहिली होती, मधोमध तडा, तोही कसल्याशा चिकट पदार्थानं सांधलेला. हिरड्या वर्षागणिक बसत जातात, त्यामुळे ही कवळी त्या तोंडात कधीचीच सैल झाली असणार. तो माणूस ती जिभेनं वर दाबून बोलत असेल, जेवत असेल. एवढा कुणी जीव लावतो का कवळीला? मी चष्मा पुसून ती उजेडाकडे धरली आणि मला सुळा दिसला. डावा सुळा अगदी केसभर आतल्या अंगाला फिरवलेला. "फार सरळ दात खोटे दिसतात," बाबा म्हणायचे आणि प्रत्येक कवळीत डावा सुळा केसभर फिरवायचे. मीही फिरवतो. दुसरं कुणी फिरवत नाही. कवळी उलटी केली, तर आत टाळूच्या जागी पोकळी होती, शेंगदाण्याची, चिरेसकट, शेपटासकट. बाबांनी ती इतकी मन लावून कोरली होती की मला माझ्याच तोंडात बोट घातल्यासारखं झालं.

अशी हुबेहूब ठेवण रक्तातूनच येते. म्हणजे बाबांना माहीत होतं. माझा ठसा घेण्याच्या कितीतरी आधी त्यांचा अंगठा या उंचवट्यावरून फिरून गेला होता. त्या दुपारी उजेडाकडे धरून ते माझा जबडा बघत नव्हते, ओळखत होते. मी आपला शाबासकीची वाट बघत उभा! मला राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही, बाबांचा नक्की नाही, बाबांवर रागवायची मला सवयच नाही. त्या पेशंटचा आला. कोण कुठला माणूस, एवढी वर्षं नव्हता, आता दात तुटले म्हणून माझ्या टेबलावर येऊन बसला. मी चाकू घेतला आणि प्लास्टरच्या त्या जबड्यावरचा उंचवटा खरवडला. शेपूट आधी गेलं. मग शेंगदाणा. पॉलिश कागद घेऊन टाळू साफ गुळगुळीत केला, चारचौघांचा असतो तसा. फुंकर मारली तर धूळ उन्हात गेली आणि इतर धुळीत मिसळली. मग त्या सपाट टाळूवर मी नवी कवळी केली. दात छान लावले. सुळा फिरवला; हातच तसा पडतो. पोकळी सोडली नाही. हात चालत होते आणि मी कुठंतरी पाण्याखाली असल्यासारखा होतो. रस्त्यावरचे आवाज लांबून येत होते, बायको डबा ठेवून काहीतरी म्हणाली तेही लांबून.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, झोपेत काम करता का? पेशंट इथं समोर बसलाय, टाळूवर ही एवढी जखम झालीय. पाणीसुद्धा गिळवत नाही बिचाऱ्याला. तुमच्या बाबांच्या दुकानातून असलं काम कधी आलं नव्हतं हं." मी बाबांच्या आवाजात "बघू, बघू" म्हणालो. "बघू नका, उद्या इथं या," त्या म्हणाल्या. फोन ठेवला तेव्हा माझी जीभ शेपटावर होती आणि तिथं दुखत होतं. मला काही झालेलं नव्हतं, तरी दुखत होतं. मी एका म्हाताऱ्या माणसाचं तोंड फाडलं होतं, आणि तेही बाबांच्या नावानं चालणाऱ्या दुकानात बसून. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांनी केलं नसतं असं काहीतरी केलं होतं.

आई पलंगावर बसून उशांना अभ्रे घालत होती. मी जुनी कवळी तिच्यासमोर उशीवर ठेवली. विचारणार होतो बरंच काही, पण गरज पडली नाही. ती कवळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही परत आली?" उशी तशीच अर्धवट अभ्र्यात राहिली. "कुणाची गं?" मी म्हटलं. माझाच आवाज मला उनाड वाटला. आई म्हणाली, "बस." मी बसलो. "नकला करायचा तो. रस्त्यावर, जत्रेबित्रेत, जिथं माणसं जमतील तिथं. पडला कुठंतरी तोंडावर आणि वरचे दात गेले. त्याच्या धंद्यात दात गेले म्हणजे हातपायच गेले की. तुला कडेवर घेऊन आला. बायको बाळंतपणात गेलेली. ठसा घेताना पोराला कुणीतरी धरायला हवं म्हणून माझ्याकडे दिलं."

"मग?"

"मग काय? मग चावा बघायला आला, मग मेणातले दात लावून बघायला आला. कवळीला फेऱ्या होतात, तुला काय सांगायचं? दर फेरीला तू माझ्याकडे जास्त वेळ राहायचास. एकदा मीच म्हटलं, झोपलाय, असू दे, परवा न्या. त्यानं नेलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं असेल."

"म्हणजे दातांच्या बदल्यात मी," मी म्हटलं. आई एकदम ताठ झाली. "थोबाड फोडीन," ती म्हणाली, आणि माझे केस पिकलेले असले तरी ती फोडील अशी मला खात्री वाटली. "दात नेलेच नाहीत त्यानं. तयार होते, ह्यांनी हातात दिले, तर म्हणाला, आता हे घेतले तर माझ्याच तोंडाला माझी लाज वाटेल. तसाच गेला, बोळक्या तोंडानं. ह्यांना काही चैन पडेना. त्याला शोधत गावोगाव हिंडले आणि शेवटी दात देऊन आले. काय बोलणं झालं ते मला नाही सांगितलं." तिनं उशी पुन्हा हातात घेतली. "लोक म्हणायचे ना, अगदी बापावर गेलाय म्हणून? तेव्हा हे सगळ्यांसमोर हसायचे. आणि मग रात्री ताटावरून अर्धपोटी उठायचे."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याकडे चालत निघालो. रस्ता रोजचा, पण तो मला कुणीतरी सांगितलेला असावा असा वाटत होता. आधी टाच, मग जरासं थबकून चवडा. मी थांबलो. साधं चालून बघायचं ठरवलं, आपलं आपलं, आणि मला चालता येईना. पाय उचलला की तो कुठं ठेवायचा ते ठरेना. भर रस्त्यात एक बाप्या माणूस पाय उचलून उभा. शेजारून जाणारी बाई चांगली लांबून गेली. मी इतकी वर्षं ज्याला मेहनत म्हणत होतो, ती मेहनत नव्हतीच. माणूस बघायचा आणि अंगात घ्यायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते आधीच आत होतं. बाबांचा मुलगा होण्यासाठी मी जे जे केलं ते त्या दुसऱ्याच्या जोरावर केलं होतं. जितका मी बाबांसारखा झालो तितका त्याचा होत गेलो. आणि बाबांना ते दिसत होतं, रोज, घरातल्या घरात, पेला धरताना, जिना उतरताना. मला ओरडावंसं वाटलं की हे तरी माझ्याकडून काढून घेऊ नका. पण कुणाला ओरडणार? दुकानांच्या काचांमधून बाबा माझ्याबरोबर चालत होते. मी थांबलो की तेही थांबत. अशा चालीनं मी दवाखान्यात कधी पोचलो ते मला आठवत नाही.

तो खुर्चीत आडवा होता. लहानखुरा माणूस, पाय खुर्चीच्या टोकापर्यंत पोचत नव्हते. मी आधी चेहरा बघितला, चोरून. नाक माझं नव्हतं, कान माझे नव्हते. मला हायसं वाटलं आणि पाठोपाठ वाईटही वाटलं. "हे कवळीवाले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घ्या, यांनाच काय ते विचारा," आणि दुसऱ्या पेशंटकडे आतल्या खोलीत निघून गेल्या. मी हात धुतले, हातमोजे चढवले. काय बोलावं कळेना तेव्हा माणूस धंद्याचं बोलतो. "हं, आ करा," मी म्हणालो. त्यानं डोळे मिटले होते ते उघडले. माझ्याकडे नाही, छताकडे बघत राहिला, ऐकत राहिला. मग बोळक्या तोंडानं, एकेक शब्द गोळा करत त्यानं विचारलं, "तुम्ही त्यांचे?"

"हो," मी म्हणालो. "त्यांचा मुलगा."

"बरं," तो म्हणाला आणि आज्ञेनुसार आ केला.

जखम चांगलीच होती. मी बोट आत घातलं. साचा तर मी खरवडून बसलो होतो, माप कशाचं घेणार? पण गरज नव्हती. बोट त्याच्या टाळूवर होतं आणि जीभ माझ्या टाळूवर, दोन्ही एकाच वाटेनं गेली: शेंगदाणा, चीर, शेपूट. तो डोळे न मिटता पडून होता, उमासा आला तेव्हा त्याच्या पायाची बोटं हललेली मला दिसली. हे त्याला कुणी सांगितलं असणार ते उघड होतं. मी बाजूच्या यंत्रावर कवळी धरली आणि आतून पोकळी कोरायला लागलो, थोडी थोडी, पुन्हा लावून बघत. गुलाबी भुगा माझ्या हातांवर पडत होता. "लागतंय?" "जरासं." पुन्हा कोरलं. "आता?" त्यानं कवळी जिभेनं चाचपली, दात दातांवर वाजवून बघितले आणि मान हलवली. "माझी चूक होती," मी म्हणालो. तो म्हणाला, "चूक कसली? काम आहे. होतं." दात बसल्यावर त्याचा आवाज निराळाच निघाला, पातळ, स्वच्छ.

"बोलून बघा काहीतरी," मी म्हटलं. तो उठून बसला. आधी त्यानं तोंडानं नळ केला, बेसिनमधला, नीट बंद न झालेला. मग यंत्र केलं, माझं, आत्ताच बंद केलेलं. मग मान किंचित वाकडी करून म्हणाला, "अहो, झोपेत काम करता का?" आणि मी दचकून आतल्या दाराकडे बघितलं, कारण डॉक्टरीणबाईच आल्या असं मला वाटलं. मला हसू फुटलं. तोही खूश झाला, लहान मुलासारखा. माझ्या हसण्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याचे खांदे खाली आले, हनुवटी आत गेली, तो लहानखुरा माणूस त्या खुर्चीत भरत गेला, आणि बाबा बोलायला लागले.

"मुलगा आता आमचा आहे," बाबा म्हणाले. "तुम्ही आलात की तो तुमच्याकडे बघून हसतो. माझ्याकडे बघून हसत नाही. हे दात घ्या, हे मी तुमच्यासाठीच केलेत, पण पुन्हा येऊ नका. हात जोडतो तुमच्यापुढं. येऊ नका."

मी बाबांना कुणापुढं हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यात औषधाचा वास होता, आतून डॉक्टरीणबाईंचं कुणाला तरी दटावणं ऐकू येत होतं, आणि इथं बाबा होते आणि माझ्यासाठी भीक मागत होते. मला आणलं नव्हतं. मागितलं होतं. मग त्या खुर्चीतून बाबा निघून गेले आणि तो पुन्हा एवढासा झाला. "नाही आलो," तो घाईघाईनं म्हणाला, स्वतःच्या आवाजात. "लांबूनसुद्धा बघायला आलो नाही. आताही दात तुटले म्हणून डॉक्टरकडे आलो. तुमच्याकडे नाही आलो." तो खुर्चीतून उतरायला लागला, पाय जमीन शोधत होते.

मला त्याला थांबवायचं होतं. मी माझा आवाज शोधला, खरंच शोधला, आणि मला सापडला नाही. जो होता त्यातच बोललो. त्या क्षणी मला त्या आवाजाची लाज वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून, कळून सवरून, समोरच्याला ऐकवायचं म्हणून बाबांची नक्कल केली. "या हो," बाबांच्या आवाजात मी म्हणालो. "घरी या. मुलगा आहे घरी."

तो थबकला. डोकं एका बाजूला कलतं करून त्यानं ते पुरतं ऐकून घेतलं, हवेतून विरेपर्यंत. त्याचे डोळे भरले होते, पण चेहरा मात्र कामावरच्या माणसाचा होता.

"आवाज बरोबर आहे," तो म्हणाला. "पण असं काही अवघड बोलायचं असलं की ते आधी चष्मा काढायचे. समोरच्याचं तोंड दिसेनासं झालं की मगच बोलायचे."

मी एवढी वर्षं बाबांबरोबर राहिलो, मला हे माहीत नव्हतं. मी चष्मा काढला. खुर्ची पुसट झाली, वरचा दिवा पुसट झाला, तो पुसट झाला. "या," मी म्हणालो.